बर्फाने झाकलेला समुद्र सॅटेलाइट मोजतो तरी कसा?

हर्णैच्या एका शाळेतल्या मॅडमनी प्रश्न पाठवलाय. नववीच्या वर्गात त्यांनी समुद्रपातळी वाढीचा जगाचा नकाशा लावला, तर त्यात रंग वर 66 अंश अक्षांशापाशी संपतात आणि खाली पण तसंच. दुसऱ्या एका नकाशात रंग 82 च्या जवळपास पोचतात पण ध्रुवावर पांढरं गोल भोक. पोरांनी विचारलं, तिथे समुद्र नाही का? असला तर वर बर्फ असताना सॅटेलाइटला पाणी दिसतं कुठून? तो आकडा आपल्याकडच्या आकड्याइतका खरा धरायचा का? आणि मग नेहमीचा प्रश्न, तिकडचा बर्फ वितळला की आपलं बंदर पाण्याखाली जाणार का.

मॅडम, प्रश्न पोरांचे असले तरी यातला तिसरा प्रश्न आमच्या धंद्यात रोज भांडणाचा विषय आहे. मी मूळचा गुहागरकडचा, पोटापाण्यासाठी बरीच वर्षं अल्टिमीटरचा डेटा चाळतोय, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर रडारचे परत आलेले सिग्नल बघत बसायचं. तर जमेल तसं सांगतो, थोडं लांबेल.

आधी बेसिक. सॅटेलाइटवरचा रडार अल्टिमीटर सरळ खाली पल्स सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते, लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. सॅटेलाइट स्वतः किती उंचीवर आहे हे ऑर्बिटच्या हिशोबातून कळतं, त्यातून हे अंतर वजा केलं की पाण्याची उंची. सांगायला एवढंच. पण युरोपचा क्रायोसॅट-2 हा सॅटेलाइट घ्या, तो साधारण 717 किमी वर फिरतो, पल्सला जाऊन यायला 4.8 मिलिसेकंद लागतात, आणि पाणी एक सेंटीमीटर वरखाली झालं तर त्या वेळात फरक पडतो फक्त 67 पिकोसेकंदांचा. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. त्यात मध्ये हवा असते, हवेत रडारची लहर जरा मंदावते, नुसत्या कोरड्या हवेमुळे अंतर सव्वादोन-अडीच मीटर जास्त दिसतं. हवेतल्या बाष्पामुळे आणखी जास्त, आपल्या किनाऱ्यावर दमट दिवसात 30-40 सेंटीमीटरपर्यंत, ध्रुवाकडे थंडीत मात्र बाष्पच नसतं त्यामुळे काही सेंटीमीटरच. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटीमीटर फुगतो, हे तुमच्याकडच्या लोकांनी निसर्ग वादळात 2020 ला अनुभवलंय, म्हणजे वाऱ्याने लोटलेलं पाणी वेगळं आणि दाब कमी झाल्याने फुगलेलं वेगळं, दोन्ही मिळून येतं. हे सगळं एकेक करून वजा करत जायचं आणि शेवटी जो उरतो तो समुद्र.

आता 66 अंशाचं. याच्यामागे भरती-ओहोटी आहे, आणि हे कोकणातल्या पोरांना दिल्लीतल्या पोरांपेक्षा लवकर कळेल. 1992 च्या ऑगस्टमध्ये टोपेक्स-पोसायडन नावाचा सॅटेलाइट गेला, मग त्याच ऑर्बिटमध्ये जेसन-1, 2, 3 आणि 2020 ला सेंटिनेल-6. जगाच्या सरासरीचा जो सुप्रसिद्ध ग्राफ आहे, 1993 पासून वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरवाला, तो या मालिकेचा. यांचं ऑर्बिट मुद्दाम 66 अंशाला कलतं ठेवलं. आपल्याकडे भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, कारण त्यातला चंद्राचा वाटा मोठा. पण सूर्याचा पण वाटा असतो, तो बरोबर 12 तासांनी फिरून येतो, सरकत नाही. आता जे सॅटेलाइट रोज ठरलेल्या सौर वेळेलाच एखाद्या जागेवरून जातात, ज्यांना सन-सिंक्रोनस म्हणतात, त्यांना हा सूर्याचा वाटा कायम एकाच टप्प्यावर दिसणार, कधी हललेला दिसणारच नाही, मग तो पातळीतून वेगळा काढायचा कसा? म्हणून टोपेक्सवाल्यांनी सन-सिंक्रोनस ऑर्बिट टाळलं, भरतीचा हिशोब चोख झाला, पण ध्रुव सुटले.

ध्रुवाकडे जायचं काम दुसऱ्यांनी केलं. युरोपचे ईआरएस-1 (1991), ईआरएस-2 (1995), एन्व्हिसॅट (2002), आणि 25 फेब्रुवारी 2013 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडलेला आपला इस्रो आणि फ्रेंच अवकाश संस्था सीएनईएसचा सरल, हे सगळे साडेएक्क्याऐंशी अंशापर्यंत जाणारे. तुमच्या दुसऱ्या नकाशातलं भोक यांचं आहे, ध्रुवापासून साधारण साडेनऊशे किलोमीटर त्रिज्येचं. क्रायोसॅट-2 88 अंशापर्यंत जातो, त्याचं भोक सव्वादोनशे किलोमीटरचं. मुलांना सांगायला एक गोष्ट, पहिला क्रायोसॅट ऑक्टोबर 2005 मध्ये सोडला तेव्हा रॉकेट बिघडलं आणि तो आर्क्टिक समुद्रातच जाऊन पडला, ज्याची मापं घ्यायची त्यातच. मग पुन्हा नवीन बांधला आणि एप्रिल 2010 ला पाठवला, तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त टिकला.

बरं, पोचला ध्रुवाजवळ, पण खाली तर बर्फ. इथे खरी गंमत आहे.

समुद्रावरचा बर्फ सलग नसतो. वारा आणि प्रवाह त्याला ओढत असतात, तो फाटतो, भेगा पडतात, काही मीटर रुंदीच्या, काही किलोमीटरभर. यांना लीड म्हणतात. भेगेत उघडं पाणी किंवा नुकताच धरलेला पातळ बर्फ असतो, आणि आजूबाजूला बर्फ असल्यामुळे तिथे लाटा उठायला जागाच नसते, पाणी एकदम निश्चल. कोकण रेल्वेतून लावणीच्या आधी चिखलणी करून पाणी भरलेलं खाचर बघितलं असेल, ऊन पडलं असेल तर नेमक्या एका क्षणाला त्यातून डोळ्यात तिरीप येते आणि पुढच्या क्षणी गेलेली असते. रडारला लीडमधून तशी तिरीप येते. उघड्या समुद्रावर लाटा असतात त्यामुळे सिग्नल चारी दिशांना विखुरतो आणि थोडासाच वर येतो, लीडमधून मात्र जवळजवळ सगळा सरळ परत. म्हणून रडारच्या खालच्या टप्प्यात, म्हणजे पल्स जेवढ्या भागावर पडते त्यात, बर्फ 99 टक्के आणि लीड एकच टक्का असली तरी परत येणाऱ्या सिग्नलवर लीडचंच राज्य असतं.

स्क्रीनवर हे कसं दिसतं ते सांगतो. परत आलेला सिग्नल वेळेप्रमाणे छोट्या कप्प्यांत भरलेला असतो, आम्ही गेट म्हणतो, एन्व्हिसॅटला असे 128 गेट होते आणि एकेक गेट अंतराच्या हिशोबात जवळपास 47 सेंटीमीटरचं. उघड्या समुद्राचा आकार ओळखीचा असतो, आधीचे गेट शांत, मग एकदम चढ, मग लांबलचक हळू उतार. लीडचा आकार म्हणजे सगळं सपाट आणि मध्येच दोन-तीन गेटमध्ये एक सुळका, उंचीला समुद्राच्या कितीतरी पट. बर्फाच्या लादीचा आकार यांच्या मधला, चढ आहे पण उतार वेडावाकडा, कधी दोन शेंड्या. एका सरावलेल्या माणसाला हे तिन्ही नजरेने ओळखता येतात, पण सिग्नल येतात सेकंदाला वीस आणि दशकं तीन, त्यामुळे सुळका किती टोकदार आहे याचा एक आकडा काढून कॉम्प्युटरकडून चाळणी लावायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या सेमूर लॅक्सन यांनी नव्वदच्या दशकात ईआरएसच्या डेटावर हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं, त्याआधी बर्फावरून आलेला डेटा लोक सरळ टाकून देत होते.

आणि 47 सेंटीमीटरच्या गेटमधून दोन-तीन सेंटीमीटर कसे काढता असं कोणी विचारेल, तर तो चढ किंवा सुळका नेमका गेटच्या कुठल्या अंशावर येतो ते गणिती वक्र बसवून काढतात, त्याला रीट्रॅकिंग म्हणतात, आणि मग ढीगभर सिग्नलची सरासरी.

आता भानगडी. पहिली म्हणजे लीड इतकी चमकते की ती सॅटेलाइटच्या बरोबर खाली नसून बाजूला असली तरी तिचाच सिग्नल येतो. 300 मीटर बाजूला असेल तर तिरप्या रेषेमुळे अंतर साधारण 7 सेंटीमीटर जास्त येतं, म्हणजे पाणी तेवढं खोल गेल्यासारखं दिसतं. जुन्या अल्टिमीटरचा खालचा टप्पा काही किलोमीटरचा होता त्यामुळे त्यांना हा त्रास फार. क्रायोसॅटने सॅटेलाइटच्या चालण्याच्या दिशेने हा टप्पा 300 मीटरवर आणला, आणि त्याला शेजारी-शेजारी दोन अँटेना आहेत, त्या वापरल्या की सिग्नल कुठल्या बाजूने किती तिरपा आला ते पण कळतं, फक्त तो मोड सगळीकडे चालू नसतो.

दुसरी, उन्हाळा. जूनपासून तिकडे बर्फावरचा स्नो वितळून बर्फाच्या पाठीवरच डबकी साचतात, आणि डबकं पण निश्चल पाणीच की, रडारला तोच सुळका. पण डबकं आहे बर्फाच्या लादीवर, समुद्राच्या पातळीच्या वर. दोन मीटर जाडीची लादी साधारण 20 सेंटीमीटर पाण्याबाहेर असते, म्हणजे तुम्ही डबक्याला लीड समजलात तर एका झटक्यात पातळीत 10-20 सेंटीमीटरचा घोळ. बर्फाची जाडी काढणारे लोक म्हणूनच कित्येक वर्षं उन्हाळ्याचा डेटा बाजूला ठेवून ऑक्टोबर ते एप्रिलचेच नकाशे काढायचे, 2022 मध्ये मशीन लर्निंग वापरून पहिल्यांदा बारा महिन्यांची मालिका आली.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, जोडणीची. उघड्या समुद्राची पातळी एका पद्धतीने निघते आणि लीडची दुसऱ्या, कारण आकारच वेगळे, चढावरचा नेमका कुठला बिंदू म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हे दोघांना वेगळं लागू होतं. त्यात उघड्या समुद्रावर लाटांमुळे येणारी एक चूक असते, कारण लाटांच्या खळग्यातून सिग्नल जास्त परत येतो आणि माथ्यावरून कमी, ती लीडमध्ये नसते. परिणाम असा की एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात दोन्ही पद्धतींनी मोजलं तर उत्तरात कित्येक सेंटीमीटरचा फरक येतो. हा फरक काढून दोन्ही जुळवावे लागतात, आणि तो फरक ऋतूप्रमाणे बदलतो. आता विचार करा, गेल्या तीस वर्षांत आर्क्टिकमधला बर्फ कमी होत गेलाय, म्हणजे जिथे पूर्वी लीडचे सिग्नल यायचे तिथे आता जास्त दिवस उघडा समुद्र असतो. तुमची जोडणी दोन-तीन सेंटीमीटरनी जरी चुकलेली असेल तरी वर्षागणिक मिश्रण बदलत गेल्यामुळे पाणी एक मिलिमीटरही न हलता ग्राफमध्ये छान चढती किंवा उतरती रेघ येणार. आणि आपण शोधतोय काय, तर वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. वेगवेगळ्या ग्रुपचे आर्क्टिकचे ट्रेंड एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मोठं कारण हे आहे. कोणी आर्क्टिकचा ट्रेंड दशांश चिन्हानंतर दोन आकडे लावून देत असेल तर त्याने जोडणी कशी केली ते आधी वाचायचं, मी तरी तसंच करतो.

भरतीचं पुन्हा सांगायला हवं. वरचे ध्रुवाकडे जाणारे बहुतेक सॅटेलाइट सन-सिंक्रोनस, म्हणजे सूर्याच्या वाट्याची अडचण आलीच, क्रायोसॅट तसा नाही हे बरं. शिवाय भरतीचं मॉडेल बनवायला समुद्राचा तळ माहीत लागतो, तुमच्याकडे सुवर्णदुर्गाच्या आजूबाजूला कुठे किती पाणी आहे ते तांडेल झोपेतही सांगेल, पण सायबेरियाच्या उथळ समुद्रात बर्फाखाली तळाची मापंच कमी. बरं, ताडून बघायला किनाऱ्यावरचे टाइड गेज, म्हणजे पाण्याची पातळी नोंदवणारी यंत्रं म्हणावीत तर ते पण मुख्यतः नॉर्वे आणि रशियाच्या बाजूला, मध्ये समुद्रात एकही नाही. मुंबईला अपोलो बंदरात 1878 पासूनची नोंद आहे, तशी चैन तिकडे नाही. आणि जिथे आहे तिथे जमीनच हलतेय. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं न्यू-ओलेसुंड घ्या, 2008 पासून आपलं हिमाद्री हे संशोधन स्टेशन तिथे आहे, तिथे वरचं हिमनद्यांचं ओझं कमी होत गेल्यामुळे जमीन वर येतेय, त्यामुळे गेज सांगतं पाणी उतरतंय. गेज खोटं बोलत नाही, ते जमिनीच्या मानाने पाणी मोजतं आणि सॅटेलाइट पृथ्वीच्या केंद्राच्या मानाने, दोन्हीची तुलना करायची तर जमिनीचं चढणं जीपीएसने मोजून घालावं लागतं.

दक्षिणेकडे, म्हणजे अंटार्क्टिकाभोवती, पद्धत तीच. फरक एवढाच की तिथला बराचसा बर्फ दरवर्षी वितळून नव्याने धरतो आणि उघड्या महासागराच्या लाटा बर्फात खूप आत शिरतात, त्यामुळे कडेच्या पट्ट्यात निश्चल लीड मिळणं मुश्कील. वर स्नो जाड, पण ते दुखणं जाडी मोजणाऱ्यांचं जास्त, पातळीवाल्यांचं कमी, कारण आपल्याला भेगेतलं पाणी हवंय.

एवढं सगळं ऐकून मुलं म्हणतील मग या आकड्यांचा उपयोग काय. तर उपयोग आहे, फक्त कशासाठी ते बघायला पाहिजे. ट्रेंडबद्दल मी हात आखडता घेतो, पण पातळीचा आकार, म्हणजे कुठे उंचवटा आणि कुठे खळगा, आणि ऋतूप्रमाणे होणारा बदल, हे सेंटीमीटर-दहा सेंटीमीटरच्या मापातले असतात आणि ते भरवशाचे आहेत. आर्क्टिकची पातळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सगळ्यात वर असते आणि वसंतात खाली, हे वेगवेगळ्या सॅटेलाइटमध्ये येतं. (आपल्याकडे पण सरासरी पातळीला ऋतू असतो बरं का, पावसाळ्यात दर्या खवळलेला म्हणून पाणी वर असेल असं वाटतं, पण भरती आणि लाटा वजा केल्या तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पातळी पावसाळ्यात खाली आणि थंडीत वर.)

आकाराचं सगळ्यात चांगलं उदाहरण अलास्का-कॅनडाच्या उत्तरेचा ब्यूफोर्ट समुद्र. तिथे वारा घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल फिरतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी उजवीकडे म्हणजे आतल्या बाजूला ढकललं जातं आणि मध्ये गोड्या पाण्याचा घुमट साठतो. लंडनच्या टीमने ईआरएस-2 आणि एन्व्हिसॅटच्या लीड जोडून 2012 मध्ये दाखवलं की 2002 पासून तिथला पृष्ठभाग जवळपास 15 सेंटीमीटर वर आलाय आणि 8,000 घन किलोमीटरच्या आसपास गोडं पाणी जास्तीचं साठलंय. जहाजाने हे कधी कळलं नसतं, कारण थंडीत तिथे जहाज जात नाही आणि उन्हाळ्यात जातं तेव्हा एका रेघेवरच जातं. 15 सेंटीमीटर म्हणजे जोडणीच्या चुकीपेक्षा बराच वरचा आकडा, म्हणून मी तो मानतो.

आता शेवटचा प्रश्न, बंदराचा. ज्या बर्फाच्या भेगांबद्दल एवढा वेळ बोलतोय तो समुद्रावर तरंगणारा बर्फ, तो सगळा वितळला तरी पातळीत जवळजवळ फरक नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं आहे. फरक पडतो जमिनीवरच्या बर्फाने. ग्रीनलँडवर आहे तो सगळा वितळला तर जगाची सरासरी सात मीटरच्या वर जाईल, अंटार्क्टिकावरचा त्याच्या कितीतरी पट, अर्थात हे पूर्ण वितळण्याचे आकडे आहेत आणि त्याला शतकं नाही, त्याहून जास्त काळ लागेल, मुलांना घाबरवायला वापरू नका. त्यातही पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. ग्रीनलँडचा बर्फ एवढा अवजड आहे की तो आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ती ओढ कमी होते आणि ग्रीनलँडच्या जवळपास दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्र चक्क खाली जातो, आणि दूरच्या ठिकाणी, ज्यात आपण आलो, सरासरीपेक्षा थोडा जास्त चढतो. म्हणून ध्रुवाजवळची पातळी नीट मोजणं हे कोकणाच्या कामाचं आहे, पण "तिकडे चढलं की इकडे चढणार" असं सरळ नाही, तिकडे काही ठिकाणी उतरेल आणि म्हणूनच इकडे चढेल.

हर्णैपुरतं बोलायचं तर पुढची कित्येक वर्षं तुम्हाला मिलिमीटरवाली वाढ डोळ्यांनी दिसणार नाही, ती उधाणाच्या भरतीवर बसून येईल. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्याच दिवशी वादळ आणि उतरलेला दाब, आणि त्यावर ती वाढलेली पातळी, असे योग जमले की पाणी पूर्वी कधी न आलेल्या ठिकाणी येणार आणि खाजणाचे बांध आधी जाणार.

मुलांना हाताने काही करून बघायचं असेल तर सरलचा डेटा इस्रोच्या मॉसडॅक साइटवर रजिस्टर करून मिळतो. सुरुवात आर्क्टिकपासून करू नका, आधी आपल्या समोरच्या अरबी समुद्राचा एक पास, म्हणजे सॅटेलाइटच्या एका फेरीची पट्टी घ्या, तोही पावसाळ्याचा नको, सरलचा रडार के-ए बँडचा, म्हणजे आखूड लहरींचा आहे आणि जोरदार पावसात त्याचा सिग्नल गळतो, डिसेंबर-जानेवारीचा घ्या. त्यात समुद्राचा चढ-उतारवाला आकार ओळखायला लागले की मग मार्चमधला 75 अंशाच्या वरचा एखादा पास उघडायचा आणि सुळके मोजायला बसवायचं. वही-पेन्सिल घेऊन कुठला सुळका लीडचा आणि कुठला शंकेचा अशी यादी करू देत, दोन पोरांच्या याद्या जुळणार नाहीत, तेव्हा मला परत लिहा.